जात : डायनोसॉर

बापट सर,

तुमच्या शोकसभेत मी बोलले नाही. मुख्याध्यापक पवार सरांनी दोनदा माझ्याकडे पाहिलं, दोन्ही वेळा मी खिडकीबाहेर पाहिलं. उभी राहिले असते तर मलाही 'मृदू', 'ऋजू', 'ऋषितुल्य' यांपैकी काहीतरी म्हणावं लागलं असतं. तुम्ही मृदू नव्हतात. तुमच्या कारखान्यात प्लॅस्टिक मोल्डिंगच्या मशिनवर उभा राहिलेला एकही माणूस तुम्हाला मृदू म्हणणार नाही. माझे वडील त्या मशिनवर उभे राहत होते, म्हणून हे मी खात्रीने सांगते. तरी सभेत सगळ्यांत जास्त रडले ते तेच. त्याचाही मला राग आला.

मराठी मंडळ तुमच्यावर स्मरणिका काढतंय आणि त्यात माझा लेख हवाय. हा घ्या. छापायचा तर पूर्ण छापा, असं मी त्यांना सांगून ठेवलंय.

सर, तुमच्या आजाराबद्दल, तुम्ही पुण्याहून सिल्वाशाला कधी आलात, कोणकोणत्या समित्यांवर होतात, हे बाकीचे लिहितील. मला एका पाटीबद्दल लिहायचं आहे. शाळेच्या समितीने ठराव केला, विज्ञान कक्षाला तुमचं नाव द्यायचं. दाराशी तुमचा तो प्राणी ठेवायचा, आपण दोघांनी मिळून केलेला, इतकी वर्षं कपाटावर धूळ खात पडलेला. पवार सर म्हणाले, "बाई, त्याची जुनी पाटी सडली. नवी तुम्हीच लिहा. जात काय लिहायची ते तुम्हाला ठाऊक आहेच." आणि हसले. शाळेत सगळ्यांना तो वाद माहीत आहे, शिपायालासुद्धा.

पाटी माझ्यासमोर आहे. नाव, जात, काळ, देश. तीन ओळी भरून झाल्या. नाव आर्किऑप्टेरिक्स, काळ जुरासिक, देश जर्मनी. जातीची ओळ कोरी आहे. तुम्ही असतात तर मी डोळे मिटून 'पक्षी' लिहिलं असतं, तुम्ही येऊन खोडलं असतंत, मी परत लिहिलं असतं. आता मी लिहीन ते राहणार. ते पुसायला कोणी येणार नाही. म्हणून हात अडलाय, आणि एक पाटी लिहिता येत नाही याचा दोषही मी तुम्हालाच देते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आर्किऑप्टेरिक्स म्हणजे कावळ्याएवढा एक प्राणी. त्याचे ठसे जर्मनीतल्या चुनखडीच्या फरशीत सापडले. तोंडात दात, मागे हाडांची लांब शेपूट, पंखांना बोटं आणि बोटांना नखं. ही सगळी लक्षणं डायनोसॉरची. पण दगडात अंगाभोवती पिसांचे ठसे, इतके स्वच्छ की पिसाची मधली दांडीसुद्धा दिसते. म्हणून भांडण. याला जुना पक्षी म्हणायचं, की पिसं असलेला डायनोसॉर?

हा प्रश्न तुम्ही मला पहिल्यांदा विचारलात तो माझ्या मुलाखतीत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. धुळे जिल्ह्यातल्या गावाहून वडील इथे कारखान्यात आले, मी मामाकडे राहून प्राणिशास्त्रात बी.एस्सी. केलं, मग बी.एड., आणि मग इथे सामरवरणीच्या चाळीतल्या खोलीत आई-वडिलांकडे राहायला आले. मराठी शाळेत विज्ञानाची जागा निघाली. समितीत तुम्ही होतात. कारखान्याचे मोठे साहेब, शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर. प्राणिशास्त्र तुमचा छंद होता. माझी ती पदवी होती. हा फरक तुम्ही शेवटपर्यंत मान्य केला नाहीत.

"सोनवणे म्हणजे आमच्या मोल्डिंगमधल्या सोनवणेची मुलगी का?"

"हो."

"अच्छा. म्हणजे तुमच्यात कोण?"

पवार सरांनी उगाच टेबलावरचा पेपरवेट इकडून तिकडे ठेवला.

"माणसं," मी म्हणाले.

तुम्ही हसलात. मोकळं हसलात. तुम्हाला माझा राग कधी आलाच नाही आणि तेच मला सहन व्हायचं नाही. रागवायलासुद्धा समोरचा आपल्या बरोबरीचा लागतो, असं तेव्हा वाटायचं. अजूनही वाटतं.

मग तुम्ही विचारलंत, "आर्किऑप्टेरिक्स. पक्षी की डायनोसॉर?"

"पक्षी."

"कशावरून?"

"पिसं आहेत. पिसं फक्त पक्ष्यांना असतात."

तुम्ही खुर्चीत मागे रेललात आणि म्हणालात, "पिसं फुटली म्हणून कोणी पक्षी होत नाही, बाई. कोणाच्या पोटी आला ते बघायचं."

समितीतले बाकीचे दोघे हसले. ते कशाला हसले? त्यांना डायनोसॉर म्हणजे काय हे धड माहीत नव्हतं. त्यांना कळलं ते दुसरंच काहीतरी, आणि जे त्यांना कळलं तेच मलाही कळलं. नव्या साडीच्या निऱ्या मी मुठीत धरून बसले होते. मी म्हणाले, "सर, ज्याने पिसं कमावली त्याला विचारा." तुम्ही परत हसलात आणि माझ्या नावापुढे खूण केलीत.

नोकरी मिळाली. वडिलांनी पेढे आणले आणि सगळ्या चाळीला सांगत सुटले, "साहेबनी पोरले नोकरी दिधी." मी म्हणाले, आबा, साहेबांनी दिली नाही, मी मिळवली. ते म्हणाले, "तेच ते." ते तेच ते नाही, सर. या दोन वाक्यांच्या मध्ये माझं अख्खं शिक्षण आहे. पण तुमच्या शोकसभेतून परत येताना रिक्षात बसल्यावरही आबा तेच म्हणाले. दिधी.

पुढच्या वर्षी विज्ञान प्रदर्शन भरलं आणि तुम्ही म्हणालात, आपण आर्किऑप्टेरिक्स करू. आपण. मला तो शब्द खटकला, पण करायचं होतं हे खरं. तुम्ही कारखान्यातून तार आणि खराब निघालेले प्लॅस्टिकचे तुकडे आणलेत. मी मुलांना पिसं आणायला सांगितलं. रांधा गावाकडून येणाऱ्या मुलांनी पिशव्या भरून आणली. कोंबडीची, बगळ्याची, आणि कोणीतरी मोराची, ती मी परत दिली. दुपारी शाळा सुटली की तुम्ही गाडी फाटकाबाहेर लावून यायचात, पँट घोट्यावर दुमडून वर्गाच्या फरशीवर बसायचात, आणि दाताएवढे तुकडे कानशीने घासत राहायचात. तेव्हा तुम्ही कमी बोलायचात. जबड्यात दात कसे बसतात हे दाखवायला एकदा तुम्ही स्वतःचा जबडा वासून दाखवलात, दाढेतल्या चांदीसकट. ते मला आवडलं होतं. आवडलेलंही लिहायचं असं मी ठरवलं आहे, म्हणून लिहिते.

आबा एकदा बघायला आले. तुम्ही आहात म्हणून दारातच थांबले, आत येईनात. पिसं लावलेला तो सांगाडा बघून मला हळूच म्हणाले, "तुन्हा जनावरले पीस किती?"

"मोजली नाहीत, आबा."

"मोजले नही? मंग साहेब माल पास कसा करतीन?"

आबांच्या लेखी पीस म्हणजे मशिनमधून निघणारा नग. दिवसभर ते पीसच मोजायचे. तुम्ही ते ऐकलंत आणि फरशीवरून ओरडून सांगितलंत, "सोनवणे, हा पीस रिजेक्ट आहे. तुमच्या मुलीने चुकीचं लेबल लावलंय." आबा हसले. साहेब आपल्याशी विनोद करतात म्हणून खुश झाले. मी डिंकाचा ब्रश जरा जास्तच जोरात बुडवला.

कारण पाटी तोपर्यंत दोनदा पुसली गेली होती. तुम्ही पांढऱ्या ऑइलपेंटने सुरेख अक्षरात लिहिलं होतंत, 'जात : डायनोसॉर'. मी खरवडून 'पक्षी' लिहिलं. तुम्ही थिनरचा बोळा फिरवून परत 'डायनोसॉर'. मी म्हणाले, निदान हा शब्द तरी बदला. जात कशाला? गट म्हणा, वर्ग म्हणा. तुम्ही म्हणालात, "शास्त्रातला शब्द आहे, बाई. पाठ्यपुस्तकात आहे." मी म्हणाले, माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावरही आहे. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "तुम्ही प्रत्येक गोष्ट तिथे का नेता?"

मी नेत नव्हते, सर. मला तिथे नेऊन ठेवलेलं होतं.

शेवटी प्रदर्शनाच्या सकाळी पवार सरांनी तोडगा काढला. पुस्तकात लिहिलंय ना, सरीसृप आणि पक्षी यांना जोडणारा दुवा? मग 'दुवा' लिहा. जात : दुवा. दोघांचंही राहिलं. पाटी लागली, पाहुणे आले, फीत कापली, सगळं छान झालं. दुपारून कारखान्यांच्या चाळींतून बायाबापड्या यायला लागल्या. त्यांत उत्तर प्रदेशकडच्या पुष्कळ होत्या. देवनागरी त्यांनाही वाचता येते. मी बघते तो प्राण्याच्या पुढ्यात झेंडूची फुलं, आणि एकीने उदबत्ती खोचलेली, ती बगळ्याच्या पिसाला लागणार इतक्या जवळ. एक बाई पदर डोक्यावर घेऊन हात जोडून उभी होती. मला विचारते, "बहनजी, ये किस चीज़ की दुआ सुनते हैं?"

तुम्ही माझ्या मागे उभे होतात. अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणालात, "परीक्षा की."

बाईने लगेच आपल्या मुलीला पुढे ढकललं आणि तिचं डोकं टेकवलं. आपण दोघं प्रयोगशाळेत पळालो आणि दार लावून हसलो. तुमच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी टेबलाला धरून खाली बसले. आपण एकत्र हसलो ते तेवढंच. पुढे कित्येक वर्षं तुमच्यावर चिडताना मला मध्येच ती उदबत्ती आठवायची आणि चीड पुरी व्हायची नाही. हेही मला तुमचं आवडलेलं नाही.

प्रदर्शन संपल्यावर व्हरांड्यात आपण खरे भांडलो. तुम्ही जर्मनीतली एक हकीकत सांगितलीत. तिथल्या एका संग्रहालयात एक सांगाडा लहान डायनोसॉर म्हणून कित्येक वर्षं पडून होता. पिसांचे ठसे फार पुसट, कोणाच्या लक्षात आले नाहीत. पुढे कोणीतरी नीट पाहिलं आणि कळलं की हा तर आर्किऑप्टेरिक्स.

"म्हणजे बघा," तुम्ही म्हणालात, "पिसं झाकली की उरतो तो डायनोसॉर. तज्ज्ञांनासुद्धा फरक कळला नाही. आत हाडं तीच."

मी म्हणाले, "म्हणजे बघा सर, पिसं होतीच. बघणाऱ्यांना दिसली नाहीत, म्हणून त्यांनी त्याला खालच्या खणात टाकलं."

"खालचा खण मी कुठे म्हणालो?"

"तुम्ही नाही म्हणालात."

एकाच हकीकतीतून आपण दोघांनी दोन उलटे अर्थ काढले आणि दोघेही आपापल्या अर्थावर गाढ झोपलो असणार. मुद्दा साधा होता. तुमचं म्हणणं, प्राणी कोणापासून झाला त्यावरून त्याचं स्थान ठरवा. माझं म्हणणं, तो स्वतः काय झाला त्यावरून ठरवा. प्राणिशास्त्रात दोन्ही बाजूंना माणसं आहेत हे मला तेव्हाच माहीत होतं. तुमचं मत अडाणी नव्हतं, उलट नव्या काळाचं होतं. पण ते मत तुमच्या तोंडून यायचं, आणि ते तोंड दर नव्या माणसाला आडनावानंतर पुढचा प्रश्न विचारायचं. नवीन शास्त्र तुम्हाला इतक्या सहज का पटलं, हे मला तेव्हाही दिसत होतं.

एक गोष्ट तुमच्या नावावर आहे. परदेशी मासिकांचे अंक तुम्ही मला आणून द्यायचात, खाकी कागदात गुंडाळून, न सांगता टेबलावर ठेवून. माझं इंग्रजी कच्चं होतं. मी शब्दकोश घेऊन बसायचे, एका परिच्छेदाला अख्खी सुट्टी जायची. तुम्ही मला इंग्रजी शिकवलंत असं मी म्हणणार नाही. तुम्हाला हरवायचं म्हणून मी ते शिकले. आज मुलांना मी ते अंक वाचून मराठीत सांगते तेव्हा शब्दांसाठी अडत नाही. याबद्दल आभार मानायचे तर कोणाचे, हे मला ठरवता आलेलं नाही. अंक तुमचे होते, राग माझा होता.

सिल्वासा गावात कारखाने किती आले, इमारती किती झाल्या. पण दीड वितीच्या हाडाच्या तुकड्यावरून पाहुण्यांसमोर आवाज चढवणारा माणूस एकच होता. बाकीचे इंजिनिअर क्रिकेटबद्दल आणि मुंबईतल्या फ्लॅटबद्दल बोलायचे.

मग दोनेक वर्षांपूर्वी चीनमधली बातमी आली. एक डायनोसॉर सापडला, सगळ्या बाजूंनी डायनोसॉर, उडण्याचा प्रश्नच नाही, आणि पाठीवरून शेपटीपर्यंत पिसांसारखी लव. तुम्ही पेपरचं कात्रण घेऊन थेट सामरवरणीला आमच्या घरी आलात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आबा बनियनवर होते, ते शर्ट शोधायला आत धावले. आईने चहासाठी फुलाफुलांचा कप काढला, जो कोणालाच देत नाहीत. तुम्ही पलंगावर बसलात आणि कात्रण माझ्या हातात दिलंत. चेहरा असा फुललेला, जणू निवडणूक जिंकून आलात.

"वाचा. पिसं, आणि पक्षी नाही. मी काय म्हणत होतो?"

मी वाचलं. "लव आहे, सर. उबेसाठी असेल. ही खरी पिसं का, यावर अजून वाद आहे, इथेच लिहिलंय."

"वाद राहील हो. पण तुमचं ते पिसं म्हणजे पक्षी, ते गेलं."

"ते गेलं," मी म्हणाले. जे गेलं ते गेलं. पुरावा आला की मत बदलायचं हे मी मुलांना शिकवते, तेव्हा माझ्यासाठी वेगळा नियम नाही. पण माझं म्हणणं संपलं नव्हतं. इतकी वर्षं तोंडाशी आलेलं मी त्या दिवशी विचारलं, कारण तुम्ही आमच्या घरात बसला होतात, तुमच्या केबिनमध्ये मी नव्हते. "सर, मुलाखतीत तुम्ही म्हणालात, पिसं फुटली म्हणून कोणी पक्षी होत नाही. ते प्राण्याबद्दल होतं की माझ्याबद्दल?"

तुम्ही कप खाली ठेवलात. आठवून पाहिलंत, प्रामाणिकपणे. आणि म्हणालात, "मी असं म्हणालो होतो?"

तुम्हाला आठवत नव्हतं.

"म्हणालो असेन. पण प्राण्याबद्दलच असणार. तुम्ही सगळं स्वतःवर का ओढून घेता?"

"कारण मुलाखत प्राण्याची नव्हती, सर."

आबा मध्ये पडले. शर्टाची बटणं खालीवर लागलेली. "साहेब, तिचं मनावर घेऊ नका. ती पहिल्यापासून तशीच आहे." घरात अहिराणी बोलणारे आबा तुमच्यासमोर पुस्तकी मराठी बोलतात, ते मला ऐकवत नाही. तुम्ही त्यांना म्हणालात, "अहो सोनवणे, तुमच्या मुलीशी भांडायला मजा येते म्हणून तर येतो." आबांना वाटलं, विषय गोडीत संपला. आई बशीत आणखी चिवडा घालायला लागली.

उठताना तुम्ही खिडकीतून समोरच्या शेडच्या पत्र्यावर बसलेली कबुतरं दाखवलीत. म्हणालात, "आता हीसुद्धा डायनोसॉरच म्हणायची, बाई. वंश काही सुटत नाही." गाडीत बसलात आणि हात हलवलात.

वंश सुटत नाही. त्या दिवशी मला त्यावर उत्तर सुचलं नाही. मी दारात उभी राहून कबुतरांकडे बघत राहिले, आणि तुमची गाडी नाक्यावरून वळून गेली. नंतर तुम्ही आजारी पडलात. बघायला आले तेव्हा वहिनी उशाशी होत्या, तुम्हाला धाप लागायची, आणि मी हवापाण्याच्या गप्पा मारून परत आले. आजारी माणसाशी भांडू नये एवढी रीत मला आहे. ती रीत त्या दिवशी पाळायला नको होती असं आता वाटतं. तुम्ही तरी काय, वहिनींच्या देखत मला म्हणालात, "काय मग, कबुतराचं काय ठरलं?" म्हणजे तुम्ही वाट बघत होतात.

उत्तर मला सुचलं तुमच्या तेराव्यानंतर, नववीच्या वर्गात. एक मुलगी उभी राहून धडा वाचत होती. माशांपासून उभयचर झाले, उभयचरांपासून सरीसृप, सरीसृपांपासून एकीकडे पक्षी आणि दुसरीकडे सस्तन प्राणी. वर्षानुवर्षं मी हे शिकवते आहे. त्या दिवशी मी तिला थांबवलं आणि ती ओळ परत वाचायला लावली. मुलीला वाटलं, उच्चार चुकला.

सर, कोणाच्या पोटी आला ते बघायचं ना? मग पुरतं मागे जा. तुम्ही डायनोसॉरपाशी का थांबलात? त्याच्या मागे कोणी नव्हतं? वंश सुटत नसेल तर कोणाचाच सुटत नाही आणि कुठेच सुटत नाही. तुमच्या नियमाने कबुतर डायनोसॉर, मान्य. मग डायनोसॉर मासा. कबुतर मासा. तुम्ही मासा, मी मासा, मशिनवर उभे असलेले आबा मासा आणि मागे काचेच्या केबिनमध्ये बसलेले साहेबही मासा. वंश विचारणारा माणूस नेहमी त्याला सोयीच्या पूर्वजापाशी थांबतो, चार पिढ्या, दहा पिढ्या, आणि तिथे खुंटी ठोकतो. त्याच्या मागे जात नाही, कारण त्याच्या मागे सगळे एकाच पाण्यात आहेत.

मुलाखतीतच हे बोलायला हवं होतं. तेव्हा येत नव्हतं. तुमच्याच अंकांतून ते मला आलं.

म्हणून मी आज पाटी लिहिली. 'जात : डायनोसॉर.' तुमच्यासारखंच पांढऱ्या ऑइलपेंटने, अक्षर मात्र माझं, जरा उजवीकडे झुकणारं. 'पक्षी' लिहिलं नाही. तुमचा नियम, तुमचा प्राणी, तुमचा कक्ष. पण एका पाटीवर मी थांबले नाही. काचेच्या पेटीत कबुतराचा सांगाडा आहे, त्याच्याखाली लिहिलं, 'जात : डायनोसॉर.' आणि कोपऱ्यात तो प्लॅस्टिकचा माणसाचा सांगाडा लटकतो, तुमच्याच कारखान्याने शाळेला दिलेला, त्याच्या पायाशी तिसरी पाटी लावली.

पवार सर बघायला आले. तिसऱ्या पाटीपाशी थांबले.

"बाई, माणसाच्या सांगाड्याला मासा?"

"बापट सरांचा नियम आहे."

"पालक विचारतील हो."

"विचारू देत. त्यासाठीच पाटी असते."

"आणि सरांचा फोटो नेमका याच भिंतीवर लागायचाय."

"मला माहीत आहे."

त्यांनी पाटी काढायला सांगितली नाही. रिटायर व्हायला आले आहेत, त्यांना आता तोडगे काढायचा कंटाळा आला असेल. जाताना एवढंच म्हणाले, "बापट असते तर भडकले असते."

नाही भडकले असते. भडकणं तुम्हाला माझ्या बाबतीत कधी जमलं नाही. तुम्ही चष्मा काढून पुसला असतात, पाटी दोनदा वाचली असतीत, आणि मग काहीतरी बोलला असतात. काय, ते मी शोधते आहे. सकाळपासून तुमच्या बाजूने मीच उत्तरं तयार करून बघते आहे, तुमच्या त्या रेलून बसायच्या आवाजात. सगळेच मासे तर मग नावं ठेवायची कशाला, असं तुम्ही म्हणाला असतात का? ते फार सोपं आहे, त्याला माझ्याकडे उत्तर आहे. शास्त्र थट्टेचा विषय नाही असं म्हणाला असतात का? परीक्षेची दुआ वाटणाऱ्याने ते म्हणू नये. एकही उत्तर टिकत नाही, कारण ती मी केलेली आहेत. तुम्ही नक्की एखादं असं काढलं असतंत, की मी तणतणत घरी गेले असते आणि आठवडाभर शब्दकोश उघडून बसले असते.

पेंट वाळलाय. पाट्या लागल्या आहेत. मी कक्षाचं दार उघडं ठेवून स्टुलावर बसले आहे, तुमच्या फोटोच्या रिकाम्या खिळ्यासमोर. सर, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी तुम्हाला निरुत्तर केलं आहे, आणि तुम्ही ऐकायलाही नाही. हे तुम्हाला शोभलं नाही.